गाल माझा, हसू तुझं

सान तादेओ, २५ ऑगस्ट २००८

ओरालिया,

पाकिटावरचं नाव बघून छातीवर क्रूस काढू नकोस, मी मेलेले नाही. भांडण मिटवायला लिहितेय असंही समजू नकोस. तुझा पत्ता एलोदियाने शोधून काढला. एलोदिया म्हणजे माझी धाकटी मुलगी. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिच्या बाप्तिस्म्याला तुला बोलावलं नव्हतं, मला आठवतंय.

काम असं आहे. सप्टेंबरातला स्वातंत्र्यदिन जवळ आला की आमच्या नगरपालिकेला देशप्रेमाचा ताप चढतो. या वर्षी तेरा तारखेला चौकात जुन्या सिनेमाची आणि गाण्याबजावण्याची संध्याकाळ ठरली आहे. नगरपालिकेच्या भिंतीवर पडदा, खाली मारियाची वादकांचा ताफा. पडद्यावर गाणं आलं की सिनेमाचा आवाज बंद करायचा आणि ताफ्याने तेच गाणं समोर वाजवायचं. आणि सिनेमा कुठला? 'लगाम आणि गुलाब'. दुसरा कुठला असणार? या गावात दुसरा सिनेमा काढायला कोणी कडमडलंच नाही.

सांस्कृतिक केंद्रावर यादिरा नावाची मुलगी नेमली आहे. ग्वादालाहाराला शिकून आलेली, चष्मा मोठा, आवाज साखरेसारखा. ती माझ्या दुकानामागच्या मेणबत्त्यांच्या खोलीत आली, तापलेल्या मेणाशेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "दोन्या कासिल्दा, तुम्ही आमच्या गावाचा चेहरा आहात."

मी म्हटलं, "पोरी, गावाचा चेहरा इतका सुरकुतला असेल तर गावाने डॉक्टरला दाखवावं."

ती हसली. "घागरवाली मुलगी! माझ्या आजीने, आईने, मी, सगळ्यांनी तुम्हाला टीव्हीवर पाहिलंय. थप्पड खाल्ल्यावर तुम्ही जे हसता ना, त्यात अख्खा मेक्सिको आहे."

तिला तिथल्या तिथे हाकलावंसं वाटलं. खोटं सांगत नाही.

तुझंही वय झालं, विसरली असशील, म्हणून त्या हसण्यात काय काय आहे ते सांगते. मी अठरा वर्षांची, तू सतरा. मी चौकातल्या कारंज्यापाशी घागर घेऊन उभं राहायचं. सिनेमाच्या नायकाचं, फाउस्तो बेरेल्लाचं, प्रेयसीशी भांडण झालेलं असतं, तो तणतणत घोड्यावरून उतरतो. मी त्याला बघून फिदीफिदी हसते. तो माझ्या थोबाडीत मारतो. घागर फुटते, मारियाची वाजवायला लागतात, तो गातो, आणि मी गाल धरून त्याच्याकडे बघून गोड हसते आणि केसातला गुलाब काढून त्याला देते. झालं. एवढाच माझा सिनेमा.

दिग्दर्शक म्हणाला, खोटी थप्पड पडद्यावर खोटी दिसते. मग खरी मारली. पण गुलाब द्यायची वेळ आली की माझं तोंड हसायला तयार होईना. मग पुन्हा नवी घागर, पुन्हा थप्पड. कुंभाराकडच्या घागरी संपत आल्या. बेरेल्लाच्या बोटात जाड अंगठी होती, ती गालाच्या हाडावर लागून कातडं फाटलं, डोळा सुजून मिटला. शेवटी मी घागर स्वतःच आपटली आणि घरी निघून आले. तू मागे राहिलीस.

आपण दोघी एका तोंडाच्या. त्यांनी दुसरी तशीच रेबोसोची शाल तुझ्या डोक्यावर टाकली, केसात गुलाब खोचला, कॅमेरा तुझ्या नाकाशी आणला, आणि तू हसलीस. काय हसलीस, ओरालिया! ज्याने माझं थोबाड फोडलं त्याच्याकडे बघून! आणि त्या लोकांचा मुक्काम हलला तेव्हा त्यांच्याच ट्रकमध्ये बसून राजधानीला गेलीस, नटीचे झगे सांभाळायला.

गाल माझा, हसू तुझं. पण लोकांना एकच बाई दिसते. सुरुवातीला मी सांगायचे, ते तोंड माझं नाही, बहिणीचं आहे. लोक म्हणायचे, लाजते बिचारी. मग सांगणं सोडलं. मी 'थप्पडवाली' झाले, माझ्या मुली 'थप्पडवालीच्या पोरी'. बाजारात कुठलाही टोणगा भाजीचं ओझं खाली ठेवून म्हणणार, "ए, हास की गं तशी!"

आता त्यांना माझा सत्कार करायचा आहे. त्या हसण्याबद्दल.

म्हणून तू ये. ज्याचं त्याने घ्यावं. स्टेजवर उभी राहा, फुलं घे आणि माइकवर सांग की हे तोंड माझं आहे. झोपायला एलोदियाची खोली आहे. माझ्याशी बोलायची सक्ती नाही.

कासिल्दा


सान तादेओ, ५ सप्टेंबर

ओरालिया,

तुझं उत्तर मिळालं. अठ्ठावन्न वर्षांनी पाकीट आलं आणि आत दोन वाक्यं. "मी येणार नाही. तूही जाऊ नकोस."

तू कोण मला सांगणारी? खरं सांगू, मी जाणारच नव्हते. यादिराला नाही म्हणून कळवायचंही ठरवलं होतं. पण तुझा कागद वाचला आणि डोक्यात अशी तिडीक गेली की तशीच, हातावरचं मेणही न खरवडता, सांस्कृतिक केंद्रात गेले आणि हो म्हणून आले.

काल तिथे तालीम होती. बेरेल्लाची गाणी गायला चानोला धरलं आहे. खाटकाचा मुलगा, लग्नाकार्यात गातो. आवाज वाईट नाही, पण पँट इतकी घट्ट की वरच्या सुराला जाताना माझाच जीव घाबरा होतो. केसांना इतकं तेलकट काहीतरी फासतो की माशी बसली तर घसरून पडेल. नगराध्यक्षही आले होते. एलेआसार. हा पोरगा माझ्या दारातून फुकटच्या मेणाच्या गोळ्या पळवायचा, आता कोट घालून फिरतो.

"दोन्या कासिल्दा," तो म्हणाला, "सिनेमा संपला की तुम्हाला वर बोलावू. मग चानो असा येईल, असा हात उचलेल—"

"हात कशाला उचलेल?"

"गंमत हो. लागणार थोडंच? नुसता गालाला स्पर्श. मग तुम्ही ते तुमचं हसू द्यायचं, हा गुलाब द्यायचा, आणि मारियाची सुरू."

मी म्हटलं, "तुमच्या आईसाहेबांना आणा आणि त्यांच्या गालाला स्पर्श करा."

 यादिराचं तोंड लाल झालं. आणि मग एलेआसार काय करतो? टाळ्या वाजवतो! "बघा, बघा! अजून तेच पाणी! यालाच म्हणतात आमची बाई!" आणि सगळे खोखो हसले. ओरालिया, शिवी दिली तर ती लागावी एवढी तरी माणसात लाज असते. या लोकांना माझी शिवीसुद्धा कार्यक्रमात हवी आहे.

मी उठलेच होते. एलोदियाने दंड धरला, कोपऱ्यात नेलं.

"आई, थांब ना."

"तू ऐकलंस ना तो काय म्हणाला ते?"

"ऐकलं. मूर्ख आहे तो. पण आई, शाळेत बाकावर कोणीतरी खडूने फुटकी घागर काढून ठेवायचं, रोज पुसायचे मी. आयुष्यभर याच नावाने आम्हाला चिडवलं. एकदा, फक्त एकदा, त्याच नावाने हे लोक उभे राहून टाळ्या वाजवू देत. मला बघायचंय."

खडूच्या घागरीबद्दल ती मला कधी बोलली नव्हती.  मी परत गेले आणि एलेआसारला म्हटलं, थप्पड नाही, हात उचलणं नाही, हसणं नाही. वर येईन, फुलं घेईन, उतरेन. त्याने कुमारी मातेची शपथ घेतली. खिशातल्या फोनवर तेवढ्यात कोणाचा तरी निरोप आला, शपथ घेता घेता तो वाचत होता.

आता तुला एक सांगते, जे माझ्या मुलींनाही माहीत नाही. आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा आबुंदियोने जेवताना माझ्या मुस्काटात मारली. कारण काही मोठं नव्हतं, त्याला माझं बोलणं आवडलं नाही. मार सहन झाला असता. पण मारून झाल्यावर तो खुर्चीला टेकून म्हणाला, "आता हास. त्याच्यासाठी हसलीस, माझ्यासाठी का नाही?"

मी चुलीवरची मेणाची कढई उचलली. उकळत होती. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्चीसकट मागे सरकला. त्यानंतर मरेपर्यंत हात उचलला नाही, पण तो सिनेमा लागला की टीव्हीसमोरून हलायचाही नाही.

तुझं हसू माझ्या घरात असं जेवायला बसायचं. म्हणून म्हणते, मला काय करावं ते सांगू नकोस.

नवा झगा शिवायला टाकला आहे. एलोदियाने हट्ट केला म्हणून. गडद निळा आहे.

कासिल्दा


सान तादेओ, १४ सप्टेंबर

ओरालिया,

काल झालं सगळं. क्रमाने लिहिते, नाहीतर मला जे विचारायचंय ते आधीच लिहून टाकीन.

सूर्य कलता कलता चौक भरला. पुढे एक मंडप, त्यात मोठी माणसं, त्यांना बसल्या जागी पोसोलेच्या गरम रश्शाचे वाडगे. नगराध्यक्षाची बायको वेण्यांत लाल फिती गुंफून, चुण्यांचा घागरा घालून आली होती. अगदी सिनेमातली खेडवळ पोर. या गावात असं कोणी कधी सजलेलं मी पाहिलं नाही, शूटिंगच्या आधी नाही आणि नंतरही नाही. तुला आठवतं ना, त्यांनी तुझ्या-माझ्या अंगावरचे कपडे उतरवून आपल्याला 'गावातले' कपडे दिले होते? तेच कपडे आता हे लोक स्वतःचे म्हणून घालतात.

प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा एकेक गुलाब दिला होता. मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. एलोदिया शेजारी. मागून कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात काढून फोटो घेत होतं, माझी परवानगी कोण विचारतो! यादिरा माइकवर म्हणाली की ही प्रत राजधानीतून आली आहे, नव्याने साफ केलेली, आजवर टीव्हीवर दिसलं नाही ते आज दिसेल. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

सिनेमा सुरू झाला. काय सांगू तुला? एवढ्या मोठ्या भिंतीवर बेरेल्ला दोन मजली दिसत होता. पहिलं गाणं आलं, चानो सरसावला, ताफ्याने तुताऱ्या उंचावल्या. पण पडद्यावरचा गडी पुढे आणि आपला चानो मागे. बेरेल्लाने तोंड मिटून घोड्याला टाच मारली तरी चानोचं आपलं "काळजाऽऽत" चालूच. लोक हसले. चानोला वाटलं आपल्याला दाद मिळतेय, त्याने आणखी ओढलं. एवढ्या वेळापुरती मीही हसले हो, कबूल करते. व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्याने मात्र छान वाजवलं. डोळे मिटून वाजवत होता, पडद्याकडे पाहतच नव्हता.

मग कारंजं आलं.

मी आले. घागर घेऊन. ओरालिया, किती लहान होते गं मी! मान अशी बारीक. टीव्हीवर कधी जाणवलं नव्हतं. मला त्या पोरीला हाक मारावीशी वाटली, की घागर ठेव आणि घरी जा.

तो घोड्यावरून उतरला आणि चौक एका सुरात मोजायला लागला. कोणी शिकवलं होतं कोणास ठाऊक. "एक! दोन!" बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून. बेरेल्लाने हात उचलला आणि सगळा चौक ओरडला, "फाट्!" हजारभर तोंडांतून एकदम. टाळ्या, शिट्ट्या, प्लास्टिकचे गुलाब हवेत. मागून एक जण ओरडला, "अजून एक!" माझ्या मागच्या खुर्चीतल्या पोराने आपल्या मैत्रिणीच्या गालावर टिचकी मारली आणि ती लाडाने म्हणाली, "जा बाई!" मंडपातला एक जण पोसोले चावत चावत हसत होता, हनुवटीवरून रस्सा गळत होता त्याच्या. मला त्या सगळ्या तोंडांची शिसारी आली. नुसती तोंडं, उघडी, ओली. एलोदिया हसत नव्हती. तिने माझा हात घट्ट धरला होता आणि तिची बोटं गार पडली होती.

आणि मग पडद्यावर तुझं तोंड आलं.

मी तुझं ते हसू किती वेळा पाहिलंय, माहीत आहे? आमच्या त्या एवढ्याशा टीव्हीवर, मुंग्या आल्यासारख्या चित्रात. पाहिलं की मी उठून जायचे. काल उठता आलं नाही. तुझं तोंड नगरपालिकेच्या अख्ख्या भिंतीवर होतं, खिडक्यांवर पसरलेलं, आणि प्रत स्वच्छ होती.

तुझ्या गालावर बोटं उठली होती. चार. गालाच्या हाडावर कातडं फाटलं होतं, माझं फाटलं होतं तिथेच, आणि त्यातून ओलं काहीतरी चमकत होतं. तू हसत होतीस आणि तुझा खालचा ओठ डाव्या बाजूला थरथरत होता, बाबा पट्टा काढायचे तेव्हा थरथरायचा तसा. डोळ्यांत पाणी होतं. लोकांना ते प्रेमाचं वाटतं.

ती रंगरंगोटी नव्हती. ओठ रंगवून थरथरत नाही.

नंतर काय दाखवलं मला माहीत नाही. सिनेमा संपला, दिवे लागले, माझं नाव पुकारलं. मी वर गेले. एलेआसारने फुलं दिली, काचेची एक पाटी दिली, त्यावर 'राष्ट्राचं हसू' असं कोरलं होतं. चौक उभा राहून टाळ्या वाजवत होता. एलोदियाला हव्या होत्या त्या टाळ्या. मग मागे कोणीतरी सुरू केलं, "थप्पड! थप्पड!" आणि ते पुढे पुढे येत गेलं. एलेआसारने माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं, आणि शपथ घेतलेला तो माणूस चानोला म्हणाला, "चल रे, हळूच."

चानो आला. हात उचलला. त्याला बिचाऱ्याला घाम फुटला होता, पण उचलला त्याने.

मी एलेआसारच्या हातातून माइक ओढला. म्हटलं, "ती मी नाही. हसते ती माझी बहीण आहे, ओरालिया. तिलाही मारलंय. नीट बघा, तिलाही मारलंय त्यांनी!"

 मग कोणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतून एक बाई दुसरीला म्हणाली, ते मी स्पष्ट ऐकलं, "वय झालं हो, गोंधळतात." एलेआसारने माइक काढून घेतला. "दोन्या कासिल्दा भावुक झाल्या आहेत! जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत!" त्याने मारियाचींना खूण केली आणि तुताऱ्यांनी सलामी सुरू केली. मी बोलत होते, ओरालिया. तोंड हलत होतं माझं. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

खाली उतरले. मंडपाशी नगराध्यक्षाची बायको फिती सावरत पुढे आली, माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "किती गोड!" मी तिच्या बुटांवर ओकले. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही.

एलोदियाने मला घरी आणलं. पाणी दिलं, निळ्या झग्यावरचे डाग पुसले, आणि मग विचारलं, "आई, ती खरंच मावशी होती?"

"हो."

"तू सांगायचीस तेव्हा मला वाटायचं, तू लाजतेस." आणि रडायला लागली.

आता मी तुला विचारते. तुझ्या गालावर ते काय होतं? कोणी केलं? आणि मला का नाही सांगितलंस?

कासिल्दा


सान तादेओ, ३० सप्टेंबर

ओरालिया,

परवा तुझा फोन आला. एलोदियाने पत्रामागे दुकानाचा नंबर लिहिला होता, ते मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर लिहू दिला नसता. दुकानात गिऱ्हाईक होतं, रस्त्यावर सिलिंडरवाला ओरडत होता, आणि मला हल्ली उजव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणून तू जे सांगितलंस ते इथे पुन्हा मांडते. कुठे चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस की मी घागर आपटून गेले तेव्हा बेरेल्ला मोटारीत जाऊन बसला आणि दिग्दर्शकाचा तो टक्कल पडलेला मदतनीस तुझ्याकडे आला. म्हणाला, "बहिणीला घेऊन ये. पुन्हा पहिल्यापासून करू, हसेपर्यंत." तू म्हणालीस तिचा डोळा मिटलाय. तो म्हणाला, "दुसरा उघडा आहे ना?" तेव्हा तू म्हणालीस, मीच उभी राहते.

त्यांनी आधी गालाला रंग लावला. दिग्दर्शक म्हणाला, रंग कॅमेऱ्यात पकडत नाही, आधी घेतलेल्या चित्रातल्या गालाशी जुळत नाही. मग बेरेल्लाला मोटारीतून बोलावलं. त्याने एकदाच मारली, बरोबर जागेवर. अंगठी तीच. आणि तू पहिल्याच वेळी हसलीस, कारण हसलं की संपतं हे तू दिवसभर बघत होतीस. मला मात्र ते कळत नव्हतं.

संध्याकाळी तू रेबोसो तोंडावर ओढून घरी आलीस. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेजारणीने मला आधीच सांगितलं होतं की तुझी बहीण त्याच्याकडे बघून काय हसली! तू माझ्या खाटेपाशी उभी राहिलीस आणि मी न वळता म्हटलं, "त्याच्यासाठी हसलीस ना, जा मग त्याच्याकडे." हे मी म्हटलं होतं. मला आठवतं. ट्रक जाईपर्यंत मी तुझ्याकडे पाहिलं नाही, तेही आठवतं.

आणि तू तो सिनेमा आजवर पाहिलेला नाहीस. नटीचे झगे दोन वर्षं सांभाळलेस, मग शर्टांच्या कारखान्यात काजं केलीस, आयुष्य काजं करण्यात गेलं, आणि टीव्हीवर हा सिनेमा लागला की नवऱ्याला म्हणायचीस, बदल.

एवढं मला नीट ऐकू आलं.

मग मी विचारलं, सांगितलं का नाहीस. तू म्हणालीस, "सांगून काय झालं असतं? तुला वाटलं असतं माझ्यामुळे हिने मार खाल्ला. त्यापेक्षा तुझा राग बरा होता."

ओरालिया, मला या बोलण्याचीही किळस आली. फोन ठेवल्यावर मी मेणाच्या खोलीत जाऊन बसले आणि रागाने वाती तोडत राहिले. तुला हे कोणी ठरवायला सांगितलं होतं? सतरा वर्षांची तू, माझ्याहून लहान. माझ्यावर उपकार करून तोंड मिटून बसलीस आणि मला इथे साठ वर्षं एका खोट्यावर चिडत ठेवलंस. मी आबुंदियोच्या शेजारी बसून तुला शिव्या द्यायचे. कोणाला द्यायला हव्या होत्या आणि कोणाला दिल्या! त्या बेरेल्लाचा ग्वादालाहाराला पुतळा आहे. पुतळ्याच्या बोटात अंगठीसुद्धा आहे, एलोदिया बघून आली.

इथलं म्हणशील तर नगरपालिकेच्या पत्रकात माझा फोटो आला. तोंड उघडं, हात वर. खाली लिहिलंय, 'सत्कारप्रसंगी भावनावश'. काल यादिरा आली. तिने केंद्रात बसून तुझं ते चित्र थांबवून पाहिलं म्हणे, आणि तिला पटलं. डोळे पुसले तिने. मला जरा बरं वाटत होतं, तोच म्हणाली, "दोन्या कासिल्दा, हे तर आणखी जबरदस्त आहे! पुढच्या वर्षी दोघी बहिणींना एकत्र स्टेजवर आणू या. लोक रडतील." मी तिला स्टुलावरून उठवलं आणि दाराबाहेर नेलं. काचेची पाटी तिच्याच हातात दिली. तिला खरंच कळलं नाही माझं काय बिनसलं ते. पायरीवर ती पाटी छातीशी धरून उभी होती.

एलोदिया म्हणते, मावशीला बोलाव. मी म्हटलं, या गावात नको. या चौकातून मी तुला चालवणार नाही. एलोदियाचा मुलगा नोव्हेंबरात राजधानीला जाणार आहे, त्याच्या गाडीत जागा आहे. अजून ठरलेलं नाही. मी नुसतं सांगतेय.

एक राहिलं. फोनच्या शेवटी तू मला काहीतरी विचारलंस आणि मी म्हटलं, ऐकू येत नाही, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला. लाइन चांगली होती. तोवर सिलिंडरवालाही गेला होता. तू विचारलंस, "फार दुखलं का गं तुला?"

हो. फार दुखलं. मला हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

तुला?

कासिल्दा